घरचे कागद, बिलं आणि तारखा: फोनवर एकदाच नीट लावून घ्यायची रीत

घरात वेळ कशात जातो हे बघायचं असेल तर दोन प्रश्न दिवसातून किती वेळा कानावर पडतात तेवढं ऐका. "ते कुठे ठेवलंय?" आणि "त्याची शेवटची तारीख कधी होती?" गाडीचा विमा, मिक्सरचं वॉरंटी कार्ड, आईच्या पेन्शनचा हयातीचा दाखला, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला, सोसायटीची पावती. कागद बदलतो, प्रश्न तेच. या दोन्ही प्रश्नांची उत्तरं खिशातल्या फोनमध्ये ठेवता येतात. ज्यांना व्हॉट्सॲप आणि यूपीआय जमतं, पण बाकीचा फोन तसाच पडून आहे, त्यांच्यासाठी ही रीत आहे. दोन रविवारच्या दुपारी बसलात तर काम उरकतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते: नवीन ॲप शोधत बसू नका. 'सगळ्यात चांगलं टु-डू ॲप कोणतं' यावर लोक तासन् तास व्हिडिओ बघतात, ते उतरवून घेतात, चार दिवस भरतात आणि विसरतात. गुगल कॅलेंडर, गुगल ड्राइव्ह आणि व्हॉट्सॲप बहुतेक अँड्रॉइड फोनवर असतंच. त्यात सरकारचं डिजिलॉकर तेवढं उतरवून घ्या. चारच साधनं, आणि प्रत्येकाला एकच काम. कागद ड्राइव्हवर आणि डिजिलॉकरमध्ये, तारखा कॅलेंडरवर, बोलणं व्हॉट्सॲपवर. एकाचं काम दुसऱ्यावर गेलं की गोंधळ सुरू होतो.

कामाला लागण्याआधी

फोनवर कोणतं गुगल खातं चालू आहे आणि त्याचा पासवर्ड तुम्हाला ठाऊक आहे का, हे बघा. हसू नका. फोन घेताना दुकानातल्या मुलानेच खातं उघडून दिलेलं असतं, पासवर्ड त्याने काय टाकला हे त्यालाही आठवत नाही, आणि फोन बदलायची वेळ आली की सगळे फोटो त्या खात्यात अडकून पडतात. सेटिंग्जमध्ये 'गुगल'वर जा, खातं उघडा, 'सिक्युरिटी'मध्ये रिकव्हरी फोन म्हणून तुमचाच आत्ता चालू असलेला नंबर आहे ना ते तपासा. नसेल तर तो घाला आणि पासवर्ड बदलून वहीत लिहून ठेवा. हो, कागदाच्या वहीत. घरातल्या कपाटातली वही चोरणारा चोर तुमच्या जीमेलच्या मागे नसतो.

दुसरी तपासणी जागेची. गुगल १५ जीबी जागा फुकट देतं, पण ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. जून २०२१ पासून फोटोही त्यात मोजले जातात, आणि आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपसुद्धा. ही जागा भरली की नवीन मेल येणं थांबतं, आणि नेमका तेव्हाच बँकेचा मेल येणार असतो. जागा खाणारा मुख्य गुन्हेगार बहुतेक घरांत सारखाच: सुप्रभातचे व्हिडिओ. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', त्यात 'मॅनेज स्टोरेज' उघडलंत की मोठ्या फाइल्स वरून खाली लागलेल्या दिसतात. त्या निवडून पुसा, आणि तिथेच 'मीडिया ऑटो-डाउनलोड' बंद करून टाका.

फोनला स्क्रीन लॉक नसेल तर इथेच थांबा आणि तो आधी लावा. पुढचं सगळं त्याच्या भरवशावर आहे.

कागदांचे तीन ढीग

घरातले सगळे कागद एकदा जमिनीवर काढा. कपाटातली पिशवी, टीव्हीखालचा खण, फ्रिजवरचा गठ्ठा, देवघरामागे खोचलेली बिलं, सगळं. तीन ढीग करायचे.

पहिल्या ढिगात मूळ प्रतच हवी असे कागद: घराचं खरेदीखत आणि इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, जन्ममृत्यूचे दाखले, शाळा सोडल्याचा दाखला, मृत्युपत्र. हे प्लास्टिकच्या पाकिटांच्या फाइलमध्ये घाला, भोकं पाडू नका, लॅमिनेट करू नका. लॅमिनेट केलेल्या कागदावर पुढे शिक्का मारता येत नाही आणि काही ठिकाणी तो स्वीकारतही नाहीत.

दुसऱ्या ढिगात तारीख चिकटलेले कागद. विमा, पीयूसी, ठेवीची पावती, वॉरंटी, पासपोर्ट. तिसरा ढीग रद्दीचा, आणि तो सगळ्यात मोठा निघतो. सहा वर्षांपूर्वीची मोबाइलची बिलं कुणीही मागत नाही. ज्यावर खाते क्रमांक किंवा आधार क्रमांक आहे ते मात्र फाडून टाका.

डिजिलॉकर

सरकारने २०१५ साली सुरू केलेलं हे खातं अजूनही बरेच जण 'आधारचा फोटो ठेवायची जागा' समजतात. त्यात दोन कप्पे आहेत आणि त्यांतला फरक कळला तर अर्धं काम झालं. 'इश्यूड डॉक्युमेंट्स' म्हणजे सरकारी विभागाने स्वतः पाठवलेला कागद: आधार यूआयडीएआयकडून, लायसन्स आणि आरसी परिवहन खात्याकडून, दहावी-बारावीची गुणपत्रिका राज्य मंडळाकडून. हा कागद कायद्याने मूळ प्रतीच्या बरोबरीचा धरला जातो. दुसरा कप्पा तुम्ही स्वतः चढवलेल्या फोटोंचा. तिथे १ जीबी जागा मिळते, पण त्यातल्या कागदाला तो दर्जा नाही.

म्हणून हवालदाराने गाडी थांबवल्यावर गॅलरीतला लायसन्सचा फोटो दाखवून भांडू नका. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधलं लायसन्स दाखवा. ते चालतं, आणि केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१८ मध्येच राज्यांना तसं कळवलेलं आहे.

खातं उघडायला आधारशी जोडलेला मोबाइल नंबर लागतो. ओटीपी येतो, सहा आकडी पिन ठरवायचा, झालं. त्यानंतर एकेक कागद शोधून 'गेट डॉक्युमेंट' करायचं. लायसन्सवर बहुतेकांचं घोडं अडतं, कारण क्रमांक कसा टाकायचा ते कळत नाही. कार्डावर असतो तसाच, एमएच पासून सुरुवात करून पूर्ण टाका. परवाना जुन्या पुस्तिकेच्या काळातला असेल आणि नोंद सापडतच नसेल, तर आरटीओत जाऊन ती जुनी नोंद संगणकावर चढवून घ्यावी लागते. एक फेरी पडते, पण नूतनीकरणाच्या वेळी ती पडणारच असते.

स्कॅन करताना

बाकीच्या कागदांसाठी स्कॅनर विकत घ्यायची गरज नाही. अँड्रॉइडवर ड्राइव्ह उघडा, कॅमेऱ्याचं किंवा अधिकचं चिन्ह दाबा, 'स्कॅन' निवडा. आयफोनवर नोट्समध्ये ही सोय आहे. एके काळी घराघरांत असलेलं कॅमस्कॅनर जून २०२० च्या ५९ ॲप्सच्या बंदीत गेलं, तरी त्याच्या नावाने काहीबाही ॲप्स अजून मिळतात. तिकडे वळू नका.

कागद खिडकीजवळ ठेवा, पण थेट उन्हात नको. खाली गडद रंगाचं काहीतरी हवं, म्हणजे फोनला चारही कडा आपोआप सापडतात. पांढऱ्या टाइल्सवर पांढरा कागद ठेवलात तर तो कडा शोधत बसतो. वरचा दिवा बंद करा, नाहीतर तुमच्याच हाताची सावली कागदावर पडते. प्लास्टिकच्या कार्डावर उजेडाचा डाग चमकतो, तेव्हा कार्ड जरा फिरवून बघा. आधारच्या दोन्ही बाजू एकाच पीडीएफमध्ये घ्या. पहिलं पान झालं की अधिकचं चिन्ह दाबून दुसरं जोडता येतं. बँकेत 'पाठची बाजू कुठाय?' म्हणून परत पाठवलं जात नाही.

दुकानातली बिलं त्याच दिवशी स्कॅन करा. मिक्सर, पंखा, मोबाइल यांची बरीच बिलं थर्मल कागदावर छापलेली असतात, आणि त्या कागदावरची अक्षरं उजेडाने आणि उष्णतेने पुसट होतात. वर्षाच्या वॉरंटीचं बिल आठ-नऊ महिन्यांत कोरं होऊन बसतं. प्लास्टिकच्या पाकिटात घालून कपाटात जपलेलं बिलही उडतं, बऱ्याचदा जरा लवकरच.

घरात कुणी स्पर्धा परीक्षांचे किंवा प्रवेशाचे अर्ज भरणारं असेल, तर एक छोटा संच तयार करून ठेवा: पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो, पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने केलेली सही, आणि दोन्ही ५० केबीच्या आत बसतील असे. बरेच अर्ज साधारण तेवढंच मागतात. फाइल लहान करायला भलत्याच वेबसाइटवर आधारकार्ड चढवू नका. फोटोचा स्क्रीनशॉट काढून तो कापला तरी आकार बराच खाली येतो.

नाव काय द्यायचं

स्कॅन केल्यावर फोन फाइलला स्वतःच नाव देतो, आणि ते नाव म्हणजे आकड्यांची रांग असते. तशीच ठेवलीत तर सहा महिन्यांनी तुमच्याकडे पिशवीतल्या कागदांसारखाच पसारा होईल, फक्त फोनमध्ये. म्हणून स्कॅन संपवण्याआधी नाव बदला. माझ्या मते सगळ्या लेखात पाळण्यासारखी एकच गोष्ट निवडायची झाली तर ही.

क्रम असा ठेवा: आधी वर्ष आणि महिना, मग कुणाचं, मग काय. '२०२५-११ आई हयातीचा दाखला'. '२०२६-०२ स्कूटर विमा'. वर्ष पुढे असल्यामुळे यादी आपोआप तारखेने लागते. आणि 'आई' किंवा 'स्कूटर' एवढं शोधलं तरी सगळं समोर येतं. देवनागरीत नाव दिलं तरी ड्राइव्हमध्ये शोधता येतं. पण सरकारी पोर्टलवर चढवायची फाइल रोमन अक्षरांत आणि मधे जागा न सोडता लिहा, काही पोर्टल देवनागरी नावाची फाइल सरळ नाकारतात.

फोल्डर मोजके. घर, गाडी, बँक-विमा, आरोग्य, शिक्षण, आणि घरातल्या प्रत्येक माणसाचं एक. फोल्डरमध्ये फोल्डर, त्यात आणखी फोल्डर असं करत गेलात तर चौथ्या पायरीवर तुमचं तुम्हालाच सापडणार नाही. 'आरोग्य' मात्र जरा मनापासून भरा. रक्ततपासणीचे जुने अहवाल ओळीने लागलेले असले की डॉक्टर गेल्या तीन वर्षांची साखर दोन मिनिटांत बघतात.

तारखा

आता दुसरा ढीग घ्या आणि कॅलेंडर उघडा. प्रत्येक कागदाची तारीख आत्ताच टाकायची, नंतर नाही.

नोंद करताना शीर्षकात काम लिहा. नुसतं 'विमा' लिहिलंत तर वर्षाने सूचना येईल तेव्हा कोणता विमा म्हणून डोकं खाजवाल. 'स्कूटरचा विमा भरणे, पॉलिसी ड्राइव्हवर गाडी फोल्डरमध्ये' असं लिहा. सूचनेची वेळ अशी निवडा की तेव्हा तुम्ही ते काम करू शकाल. दुपारी साडेबाराला ऑफिसात आलेली सूचना बोटाने सरकवली जाते. रात्री जेवणानंतरची, साडेआठ-नऊची, बरी. नोंदी दोन करा: एक पंधरा दिवस आधीच्या तारखेला, एक दोन दिवस आधीच्या.

कॅलेंडरमध्ये 'इव्हेंट' आणि 'टास्क' असे दोन प्रकार दिसतील. लग्न, डॉक्टरची वेळ, गाडी सुटायची वेळ हे इव्हेंट. बिल, अर्ज, नूतनीकरण हे टास्क, कारण टास्कवर झाल्याची खूण करेपर्यंत तो बाकी राहिलेल्या कामांत दिसत राहतो. इव्हेंट त्या दिवसाबरोबर निघून जातो, तुम्ही बिल भरलं असो वा नसो.

आता कोणत्या तारखा टाकायच्या? सगळ्यांना लागू होतील अशा काही सांगते.

गाडीचा विमा संपल्यावर ९० दिवसांत नवा घेतला नाही, तर साठवलेला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. पीयूसी बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचा निकष) आणि त्यापुढच्या गाड्यांना एरवी वर्षभर चालते, जुन्या गाड्यांना सहा महिने. ती नसेल तर दंड १०,००० रुपयांपर्यंत जाऊ शकतो. पासपोर्टच्या शेवटच्या तारखेपेक्षा दहा महिने आधीची नोंद करा, कारण कितीतरी देशांना प्रवासाच्या वेळी सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. पुणे महापालिका आर्थिक वर्षाच्या सुरुवातीच्या दोन महिन्यांत मिळकतकर भरणाऱ्यांना सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सवलत देते, तेव्हा पुणेकरांनी १ मेची नोंद करून टाकावी. गॅसची नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. तिच्यावर साल छापलेलं असतं, आजच वाकून बघा. इन्व्हर्टर असेल तर बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं दर दोन-तीन महिन्यांनी येणारं काम टाका. घरात पेन्शनर असतील तर हयातीच्या दाखल्यासाठी १ नोव्हेंबर. ८० वर्षांवरच्या केंद्रीय पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. जीवन प्रमाणचं ॲप आता चेहरा बघूनही दाखला घेतं, बोटांचे ठसे पुसट झालेल्या आजोबांना बँकेच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. फक्त चष्मा काढायला सांगा आणि उजेड समोरून येऊ द्या.

कॅलेंडरची एक मर्यादा लक्षात ठेवा. सूचना जास्तीत जास्त चार आठवडे आधीची लावता येते. त्याहून लांबचं असेल तर आधीच्या तारखेवर वेगळी नोंदच करावी लागते. याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे गणपतीला कोकणात जायचं तिकीट. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस सोडून, सकाळी ८ वाजता. म्हणजे १२ सप्टेंबरच्या गाडीसाठी १४ जुलैची सकाळ. कोकणकन्या किंवा मांडवीचं तिकीट हवं असेल तर ८ वाजून ५ मिनिटांनी उठलेल्याला प्रतीक्षायादीच मिळते. त्यामुळे नोंद दोन: १३ जुलैच्या रात्री 'आयआरसीटीसीत लॉगिन करून बघणे, आधार जोडलेलं आहे का, मास्टर लिस्टमध्ये सगळ्यांची नावं भरणे', आणि १४ जुलैला सकाळी पावणेआठला गजर. मास्टर लिस्ट भरलेली असली की प्रत्येकाचं नाव-वय त्या घाईत टंकावं लागत नाही.

तिथीचं काय करायचं

वाढदिवसासाठी 'दरवर्षी पुन्हा' असं एकदा सांगितलं की काम संपलं. तिथीला हे चालत नाही. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला गेली. आजोबांचं श्राद्ध, देवीचा कुळाचार, गावची जत्रा, कुणाचा तिथीने वाढदिवस, यातलं काहीही 'दरवर्षी पुन्हा'वर टाकलंत तर दुसऱ्याच वर्षी चुकणार.

यावर उपाय साधा आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात नवी दिनदर्शिका घरात आली की भिंतीवर टांगण्याआधी ती आणि फोन घेऊन घरातल्या मोठ्या माणसाजवळ बसा. आजी तिथी सांगतील, तुम्ही तारीख टाका. अर्ध्या तासात वर्षाचं होतं. एरवी कॅलेंडर ॲपला नाक मुरडणारी माणसंही या कामात उत्साहाने बसतात, असा माझा अनुभव.

ज्यांना टंकायचा कंटाळा आहे त्यांनी जीबोर्डच्या, म्हणजे गुगलच्या कीबोर्डच्या, सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडून घ्यावी आणि माइकचं चिन्ह दाबून सरळ बोलावं. मराठी बोललेलं ते बऱ्यापैकी नीट उतरवतं. आडनावांवर अडखळतं, तेवढं हाताने सुधारा.

व्हॉट्सॲपला त्याच्या जागी ठेवा

महत्त्वाचा कागद 'व्हॉट्सॲपवर आहे' असं कुणी म्हणालं की समजावं, तो हरवलेला आहे. कुठल्या ग्रुपवर, कुणी, कधी पाठवला हे शोधण्यात पंधरा मिनिटं जातात, आणि सापडलाच तर 'ही फाइल आता उपलब्ध नाही' असं दिसतं.

व्हॉट्सॲपचा एक उपयोग मात्र फार चांगला आहे. स्वतःलाच निरोप पाठवायची सोय. नवीन चॅट उघडलंत की यादीत वर तुमचंच नाव दिसतं. ते उघडा, चॅट पिन करा. रस्त्यात सुचलेलं, कुणीतरी सांगितलेला प्लंबरचा नंबर, दुकानात बघितलेल्या फ्रिजचं मॉडेल, सगळं इथे टाका. ही तात्पुरती जागा आहे. रविवारी ती रिकामी करायची: तारीख असेल तर कॅलेंडरवर, कागद असेल तर ड्राइव्हवर, बाकी पुसायचं.

कुणाला कागद पाठवायचा असेल तर फोटो म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे अक्षरं पुसट होत नाहीत. आणि हॉटेलवाल्याला, भाड्याने घर देणाऱ्याला आधार द्यायचंच असेल तर यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार उतरवून घ्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. त्या पीडीएफला पासवर्ड असतो: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल.

बिलं

विजेच्या बिलासाठी महावितरणचा १२ आकडी ग्राहक क्रमांक यूपीआय ॲपमध्ये एकदा साठवा, पुढच्या महिन्यापासून बिल तिथेच दिसतं. छापील बिल नको असेल तर 'गो ग्रीन'मध्ये नाव नोंदवा, प्रत्येक बिलामागे १० रुपये सूट मिळते. त्यासाठीचा जीजीएन क्रमांक छापील बिलावरच असतो. बिलाच्या तळाशी लवकर भरल्यास किती, मुदतीत किती आणि मुदतीनंतर किती असे वेगवेगळे आकडे दिलेले असतात. कॅलेंडरवर टाकायची तारीख लवकर भरण्याची. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटाचं बिल येतं, तिथे नियम वेगळे, पण साठवायची रीत हीच.

ऑटोपेबद्दल माझं मत जरा जुन्या वळणाचं आहे. ठरलेली रक्कम असेल तिथे लावा: एसआयपी, विम्याचा हप्ता, ब्रॉडबँड. रक्कम बदलते तिथे लावू नका. विजेचं बिल अचानक तिप्पट आलं तर ते आधी डोळ्यांखालून गेलं पाहिजे, पैसे गेल्यावर नाही.

आणि 'बिल न भरल्यामुळे आज रात्री वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा' असा मेसेज आला तर तो फसवणुकीचा. आरटीओच्या चलनाच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल (फोनवर ॲप बसवणारी) आली तर तिला हात लावू नका. पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या तासाभरात केलेल्या तक्रारीत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

काय विकत घ्यावं, काय घेऊ नये

घरून काम किंवा मुलांचे ऑनलाइन तास असतील तर राउटरचा छोटा यूपीएस घ्या. हजार-दोन हजारांत मिळतो आणि वीज गेल्यावर काही तास वायफाय चालू ठेवतो. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचा. 'आउटपुट' पुढे बहुधा १२ व्होल्ट असतं, पुढे अँपिअरचा आकडा. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. फायबरच्या जोडणीत कधी दोन डबे असतात, तेव्हा दोन्हींना वीज लागते. घरी इन्व्हर्टर असेल तर याची गरज तशी नाही, फक्त वीज गेल्याच्या क्षणी राउटर बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो. मीटिंगमध्ये ती दोन मिनिटं फार वाटतात.

पॉवर बँक घेताना मोठ्या आकड्याला भुलू नका. १०,००० एमएएचची पॉवर बँक फोनला साधारण ६,००० च देते. तो खरा आकडा मागे 'रेटेड कपॅसिटी' म्हणून बारीक छापलेला असतो. बहुतेकांना १०,००० पुरते. विमानात ती हातातल्या सामानातच न्यावी लागते, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही, आणि २०,००० एमएएच म्हणजे सुमारे ७४, त्यामुळे तीही चालते.

टाइप-सी तोंड असलेला एक पेनड्राइव्ह घ्या. वर्षातून एकदा ड्राइव्हमधलं सगळं त्यावर उतरवून मूळ कागदांच्या फाइलमध्ये ठेवून द्या. चार्जरवर आणि रिमोटवर नावं लिहायला मास्किंग टेप आणि मार्कर. लेबल छापायचं यंत्र, स्मार्ट स्पीकर, घरगुती स्कॅनर यांवर या कामासाठी पैसे घालू नका.

फोनच हरवला तर

आत्ता, हे वाचत असतानाच, *#०६# डायल करा. जे आयएमईआय क्रमांक, म्हणजे फोनचे ओळख क्रमांक, दिसतील ते वहीत लिहा. फोन गेला तर पोलिसांत तक्रार द्यायची, त्याच नंबरचं नवं सिम घ्यायचं, आणि तक्रारीची प्रत जोडून सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो आयएमईआय बंद करून घ्यायचा. दरम्यान बँकेला फोन करून यूपीआय थांबवा. कागद ड्राइव्हवर आणि डिजिलॉकरमध्ये असल्यामुळे नव्या फोनवर लॉगिन केलं की ते जसेच्या तसे परत येतात. तो पासवर्ड वहीत लिहायला लावला होता तो यासाठी.

शेवटचं काम घरातल्या दुसऱ्या माणसाचं. हे सगळं एकट्याच्याच डोक्यात राहिलं तर तो दवाखान्यात असताना आरोग्य विम्याची पॉलिसी पुन्हा कुणालाच सापडत नाही. ड्राइव्हमधला 'आरोग्य' आणि 'बँक-विमा' फोल्डर नवऱ्याला, बायकोला किंवा मोठ्या मुलीला शेअर करा, आणि तिच्या फोनवर तो उघडतो का ते तिच्या हातून उघडून बघा. गुगल खात्याच्या 'डेटा अँड प्रायव्हसी'मध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची सोय आहे. खातं ठरावीक काळ, म्हणजे तीन महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत, वापरलं गेलं नाही तर तुम्ही नेमलेल्या माणसाला गुगल कळवतं आणि तुम्ही ठरवलेला भाग त्याला उतरवून घेता येतो. ज्याचं नाव घालाल त्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर ती ईमेल येईल तेव्हा तो ती फसवणूक समजून पुसून टाकेल.